आठ अंड्यांचा दांडा

चेन्नईतल्या पुदुपेटच्या गल्लीत शिरलं की आधी नाकाला रॉकेलचा वास येतो, मग कानाला हातोडा. एग्मोरपासून हाकेच्या अंतरावर, कूवम नदीच्या काठाला, जुन्या गाड्या इथं सुट्या होतात. दारं एका दुकानात, दिवे दुसऱ्यात, इंजिनाचं हेड तिसऱ्यात. नवा, डबाबंद माल हवा असेल तर माउंट रोडजवळचा जनरल पॅटर्स रोड गाठायचा. जुन्या फोर्ड आयकॉनसाठी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, शोधताना या दोन्ही ठिकाणी मी भरपूर चपला झिजवल्या. त्या फेऱ्यांत जमलेल्या या गमती.

नावातच कॅम
१९९९ साली चेन्नईजवळच्या मरैमलै नगरात बनलेली फोर्ड आयकॉन रस्त्यावर आली. जाहिरातीतली 'जोश मशीन' ती हीच. तिच्या १.६ लिटर इंजिनाचं नाव रोकॅम. ऐकायला रॉक संगीताशी नातं सांगणारं वाटतं, पण ते 'रोलर फिंगर कॅमशाफ्ट'चं आखूड रूप आहे. कॅम इथं नुसता घासत नाही, त्याच्याखाली एक चिमुकलं चाक फिरतं. झीज कमी, घर्षण कमी. व्हॉल्व्ह आठ, म्हणून दांड्यावर अंडाकृती उंचवटे, म्हणजे लोब, तेही आठ.

आणि त्याच आयकॉनचं सुरुवातीचं १.३ लिटर इंजिन? त्याचं मूळ फोर्डच्या १९५९ च्या केंट इंजिनापर्यंत जातं. कॅमशाफ्ट हेडमध्ये नाहीच, खाली ब्लॉकमध्ये, आणि लांब पुशरॉडनी व्हॉल्व्ह उघडायचे. पुढे १.३ लाही रोकॅम मिळालं. म्हणून 'आयकॉनचा कॅमशाफ्ट द्या' म्हटलं की काउंटरवरचे अण्णा लगेच विचारतात, "एन्द इंजिन?" कोणतं इंजिन? प्रश्न अगदी रास्त आहे. इंजिन नंबर लिहून न्या, जुना शाफ्ट हातात धरून न्या.

सिग्नलला चोवीस हजार
कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्टचे ४००. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या गर्दीत तासभर अडकलात, तर एकेक व्हॉल्व्ह २४,००० वेळा उघडून मिटला. सपाट टॅपेटच्या, म्हणजे लोबखाली चाकाऐवजी नुसता घासणारा तुकडा असलेल्या, इंजिनात लोबच्या टोकावर सगळ्यात जास्त दाब याच संथ गतीत येतो, आणि तेलाचे शिंतोडे नेमके तेव्हाच कमी उडतात. गाडी पळवून कॅम झिजतो ही समजूत बरीचशी उलटी आहे.

सपाट टॅपेट सपाट नसतो
तळ किंचित फुगीर, लोब किंचित उतरता. त्यामुळे टॅपेट प्रत्येक ठोक्याला जागच्या जागी थोडा फिरतो आणि सगळीकडून सारखा झिजतो. जुना टॅपेट जुन्या लोबच्या वळणाचा झालेला असतो, तो नव्या शाफ्टवर बसवला तर नवाही जातो. नवा कॅम, नवे टॅपेट, आणि पहिली वीसेक मिनिटं इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास. आयडलवर सोडायचं नाही.

चादरींच्या गावचा दांडा
आपल्याला सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी आठवते. मोटारवाल्या जगाला कॅमशाफ्ट आठवतो. १९९२ मध्ये तिथं सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या गिऱ्हाइकांत फोर्ड, ह्युंदाई, जनरल मोटर्स, मारुती सुझुकी अशी नावं आहेत. तिथली एक कला मला फार आवडते. ओतकामाच्या साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकताच झटकन गारठतं आणि काचेसारखं कडक होतं. बाकीचा दांडा सावकाश निवतो, म्हणून मऊ राहतो, यंत्रावर सहज कातला जातो. एकाच ओतात दोन स्वभाव! मुंबई-चेन्नई लोहमार्गावर सोलापूर लागतं, तेव्हा खिडकीतून मी आता गाव वेगळ्या नजरेनं बघतो.

कॉम्प्युटरची गफलत
आता खरा मुद्दा. दुकानात कुणीतरी हमखास 'रेसिंग कॅम' सुचवतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट बदलून, स्क्रू पिळून निभावता येतं. जुन्या इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरकडे कारखान्यात भरलेला ठरावीक तक्ता असतो. अनेक गाड्यांत कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधल्या दाबावरून इंजिनावरचा भार ओळखतो. रेसिंग कॅममध्ये आत घेणारा आणि बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. आयडलला जळका वायू उलटा शिरतो, मॅनिफोल्डमधली निर्वात पोकळी कमी होते. कॉम्प्युटरला वाटतं गाडीवर भार पडला, आणि तो पेट्रोल वाढवतो. मग प्लग काळे, आयडल वरखाली, पीयूसीला धाकधूक. शिवाय खालच्या फेऱ्यांतली ओढ गेली. इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर असा कॅम शोभतो, कारण तिथं इंजिन सतत चढ्या सुरात असतं. अण्णानगरहून ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तो नाकापेक्षा मोती जड. कॉम्प्युटरमधला तक्ता नव्यानं बसवणारा माणूस हाताशी नसेल, तर मूळ मापाचाच कॅम घ्या. हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

२७० म्हणजे किती?
क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, हा आकडा कॅमच्या डब्यावर ठळक छापतात. पण कुणी टॅपेट हलायला लागल्यापासून मोजतं, कुणी ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यावर. दोन डब्यांवरचे दोन २७० सारखे नसतात.

शिवणयंत्रातला भाऊबंद
यंत्रविशारद अल-जझरीनं १२०६ च्या ग्रंथात कॅमवर चालणारी यंत्रं वर्णिली आहेत. घरच्या जुन्या शिवणयंत्रात दोरा खेचत वरखाली नाचणारी तरफसुद्धा कॅमच नाचवतो.

नखाची परीक्षा
जुना शाफ्ट घ्यायचाच असेल तर रॉकेलनं धुवून उन्हात धरा. लोबच्या टोकावरून अंगठ्याचं नख फिरवा. अडकलं की परत द्या. डिसेंबर २०१५ च्या पुरात या शहरात कितीतरी गाड्या बुडाल्या, तेव्हा जर्नलवर, म्हणजे दांडा जिथं टेकून फिरतो त्या गोल भागांवर, गंजाचे बारीक खड्डे आहेत का तेही पाहा. व्हर्नियरनं लोबची उंची मोजा, त्यातून खालच्या गोल भागाचा व्यास वजा करा, उरते ती उचल. सगळ्या इनटेक लोबची उचल एकमेकांशी जुळायला हवी, तशीच एक्झॉस्टची. मग दांड्याची दोन्ही टोकं V आकाराच्या ठोकळ्यांवर टेकवून तो फिरवा, वाकलेला असेल तर मध्ये डुगडुगतो. शेवटी सेन्सरसाठीचा दात किंवा खाच जुन्या शाफ्टशी ताडून पाहा. तो चुकला तर कॉम्प्युटरला कोणता सिलिंडर कुठं आहे हे कळत नाही.

माझा सापडला सातव्या दुकानात. नख गुळगुळीत सरकलं, आठही लोब जुळले. अण्णांनी त्याला तेल चोळलं, तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.