सोनेरी दगडाची काळी रेघ

१९९० च्या सुमारास मी आमगावला एका बँकेत अधिकारी होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते; वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. धानाच्या रोवणीचे दिवस, आणि पावसाने ओढ दिलेली. एक वयस्कर शेतकरी सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि पंचाच्या गाठीतून पेरूएवढा दगड काढून समोर ठेवला. पिवळाधमक!

"साहेब, विहिरीवरची मोटार जळली. हा ठेवून घ्या, न् रिवाइंडिंगपुरते पैसे द्या."

त्यांचा मुलगा बालाघाटपलीकडे मलाजखंडच्या खाणीत कंत्राटदाराकडे मजुरीला होता. त्याने तो आणला होता.

सोनेतारणाचे सोनार त्या दिवशी शाखेत होते. त्यांनी दगड कसोटीवर घासला. सोन्याची रेघ सोनेरी उमटते; ही हिरवट काळी उमटली. "बाबा, याची किंमत शून्य," मी हसून म्हणालो. म्हातारे हसले नाहीत. "मग सरकार एवढा डोंगर कायले खोदते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते मी पुढे शोधले.

तो दगड म्हणजे चाल्कोपायराइट, आपल्या रसशास्त्रातले सुवर्णमाक्षिक. 'रसरत्नसमुच्चया'त माक्षिकाला आठ महारसांत मान आहे. वजनाने एक तृतीयांशाहून थोडे अधिक तांबे, उरलेले लोखंड आणि गंधक. सोन्याचा भास करून देणारा पायराइट नावाचा दुसरा दगड आहे, पण त्यावर चाकूचा ओरखडा उठत नाही. यावर सहज उठतो. जगातले बहुतेक तांबे याच खनिजातून येते.

मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची प्रचंड उघडी खाण १९८२ पासूनची. तिथे हे खनिज गारगोटीत विखुरलेले असते, म्हणून शंभर किलो दगड फोडावा तेव्हा जेमतेम किलोभर तांबे. दगडाचे पीठ करून पाण्यात कालवतात, तेलकट रसायन घालून हवा फुंकतात. खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, माती-दगड खाली बसतो. आपल्याकडे पाखडताना फोलपट उडते आणि दाणा सुपात राहतो, इथे सगळे उलटे! मग भट्टी. गंधकाचा वायू होतो, त्यापासून गंधकाम्ल करतात. लोखंड मळीत जाते. शेवटी विजेच्या साहाय्याने शुद्ध केलेले तांबे तारेच्या कामाला येते.

या मुलखाचे तांब्याशी नाते जुने. बालाघाट जिल्ह्यातच गुंगेरिया गावी १८७० साली तांब्याची ४२४ प्राचीन हत्यारे जमिनीत सापडली, पावणेचारशे किलोंच्या आसपास वजनाची. सोबत चांदीचे १०२ पत्रे.

तर मोटारीत गुंडाळायची तार अशाच दगडातून निघते. ज्या वस्तूवाचून म्हाताऱ्यांचे अडले होते, तीच ते गाठीला बांधून आले होते. दगडावर कर्ज देता आले नसते, हे खरेच. पण पंपाच्या दुरुस्तीसाठी कर्जाची दुसरी वाट होती, अर्जही माझ्या खणात होते. हसण्याच्या भरात ते सांगायचे राहिले.

दगड न घेताच ते निघून गेले. आता त्यावर निळी-जांभळी झाक चढली आहे. त्यांची रोवणी झाली की नाही, हे मी कधी विचारले नाही.