बाळंतपणानंतर लघवी सतत गळते? सोनोग्राफीत काय दिसते, काय नाही

बाळंतपणाला आठवडा झाला आणि लघवी आपोआप गळू लागली. कपडे, अंथरूण सतत ओले. घरी सांगितले तर "अशक्तपणा आहे, होईल बरे" असे म्हणतात. सोनोग्राफी केली तर रिपोर्ट नॉर्मल येतो, पण गळणे थांबत नाही. अशा वेळी फिस्टुलाची शंका घ्यायला हवी.

फिस्टुला म्हणजे काय?

कळा खूप तास चालल्या आणि बाळ अडले, तर बाळाचे डोके आईची लघवीची पिशवी समोरच्या हाडावर दाबून धरते. त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो, पेशी मरतात आणि साधारण 3 ते 10 दिवसांत तिथे छिद्र पडते. मग लघवी योनीमार्गातून वाहते. छिद्र मागे गुदाशयाकडे असेल तर वायू किंवा शी योनीमार्गातून येते. सिझेरियन किंवा गर्भपिशवी काढताना इजा झाल्यासही फिस्टुला होऊ शकतो.

फक्त खोकताना, शिंकताना थेंब गळणे हा वेगळा त्रास आहे. फिस्टुलात गळणे बहुधा रात्रंदिवस, झोपेतही चालू राहते.

निदान कसे होते?

मुख्य निदान डॉक्टरांच्या आतील तपासणीतूनच होते. छिद्र दिसले नाही तर योनीमार्गात कापसाचे बोळे ठेवून, नळीने लघवीच्या पिशवीत निळे औषध सोडतात. आतले बोळे निळे झाले तर छिद्र पिशवीला आहे. बोळे ओले झाले पण निळे नाहीत, तर किडनीकडून येणाऱ्या मूत्रवाहिनीला इजा असू शकते. अशा स्त्रीला नेहमीसारखी लघवीही होते आणि गळतेही.

मग सोनोग्राफी कशासाठी?

• किडनीला सूज आहे का हे पाहण्यासाठी. सूज असेल तर मूत्रवाहिनी अडली किंवा दुखावली असण्याची शंका येते. हे कळायला उशीर झाला तर किडनी खराब होऊ शकते.
• योनीमार्गातून किंवा बाहेरून जांघेच्या मधल्या भागावर प्रोब ठेवून केलेल्या सोनोग्राफीत कधी कधी छिद्राची जागा आणि आकार दिसतो.
• पोटात पाणी, पू किंवा गाठ साठली आहे का हे समजते.
• शी गळत असेल तर गुदद्वाराचे स्नायू फाटले आहेत का, हे खास सोनोग्राफीत पाहता येते.

मूत्रवाहिनीबद्दल शंका राहिली तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात.

रिपोर्ट नॉर्मल, तरी फिस्टुला?

होय, शक्य आहे. छिद्र लहान असेल तर पोटावरून दिसत नाही. शिवाय लघवी गळून पिशवी रिकामीच राहते आणि रिकामी पिशवी नीट तपासता येत नाही. म्हणून नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी बसू नका. गळत असेल तर आतील तपासणी करून घ्या.

सोनोग्राफीला जाताना

"पाणी पिऊन लघवी रोखून धरा" असे सांगतील. तुम्हाला ते जमणार नाही, त्यात लाजण्यासारखे काही नाही. "लघवी सतत गळते" हे तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा. बाळंतपण कधी झाले, कळा किती तास होत्या, शस्त्रक्रिया झाली का, हेही सांगा. जुने सर्व कागद सोबत न्या.

उपचार आहेत

लवकर लक्षात आलेले लहान छिद्र काही आठवडे लघवीची नळी ठेवून भरून येऊ शकते, म्हणून लवकर दाखवा. इतरांना शस्त्रक्रिया लागते. ती बहुतेक वेळा यशस्वी होते, पण पहिली शस्त्रक्रिया अनुभवी सर्जनकडूनच व्हावी. गळते म्हणून पाणी पिणे कमी करू नका. त्याने लघवी घट्ट होते आणि कातडी अधिक जळते.

ताप, कंबरेच्या बाजूला दुखणे किंवा लघवी एकदम कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

घरच्यांना एक विनंती: हा तिचा दोष नाही आणि अस्वच्छताही नाही. तिला वेगळे बसवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे तिच्यासोबत जा.