उत्पादनाची सुरक्षितता आणि उद्योगसंस्थेची नैतिक जबाबदारी : जनरल मोटर्स प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
व्यावसायिक नीतिशास्त्रात असुरक्षित उत्पादनाचा विचार करताना नफ्याचा लोभ हे कारण प्रामुख्याने सांगितले जाते. तथापि अनेक सामान्य निर्णयांच्या साखळीतूनही जीवघेणा धोका निर्माण होऊ शकतो. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या सदोष इग्निशन स्विचच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रकरणाचे स्वरूप :
शेव्हरोले कोबाल्ट व अन्य काही लहान मोटारींमधील इग्निशन स्विच आवश्यकतेपेक्षा सैल होता. चालकाच्या गुडघ्याचा धक्का लागल्यास किंवा जुडग्याच्या भाराने धावत्या गाडीतच किल्ली फिरे व इंजिन बंद पडे. त्याबरोबर एअरबॅगचा वीजपुरवठाही खंडित होई. परिणामी अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडतच नसे.

इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी कंपनीला 2005 पूर्वीच ज्ञात होत्या. मात्र त्यांची नोंद ‘सुरक्षितता’ या सदराखाली न होता ‘ग्राहकाची सोय’ या सदराखाली झाली. सोयीच्या प्रश्नावर खर्चाचा विचार ग्राह्य ठरतो. त्यामुळे दुरुस्तीचा प्रस्ताव मागे पडला आणि जुडग्यातील जड वस्तू काढाव्यात, असा सल्ला विक्रेत्यांमार्फत ग्राहकांना देण्यात आला. 2006 मध्ये स्विचच्या रचनेत बदल झाला, परंतु सुट्या भागाचा क्रमांक जुनाच राहिला. त्यामुळे पुढील तपास अनेक वर्षे भरकटला. अखेर 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलाविण्यात आल्या. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले, तर 2015 मध्ये कंपनीने अमेरिकी न्याय विभागाशी 90 कोटी डॉलरची तडजोड केली.

नैतिक विश्लेषण :
कंपनीने नेमलेल्या अँटन वालुकास यांच्या 2014 च्या अहवालात दोन सवयींचा उल्लेख आहे. एक, हाताची घडी घालून जबाबदारीचे बोट दुसऱ्याकडे दाखविणे. दुसरी, बैठकीत सर्वांनी मान डोलावणे आणि बाहेर पडल्यावर कोणीही काही न करणे. समित्या अनेक होत्या, परंतु प्रश्नाचा धनी कोणीच नव्हता. जबाबदारी सर्वांमध्ये वाटली गेली की ती कोणाचीच उरत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

येथे वर्गीकरणाचा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. दोषाला कोणते नाव द्यावयाचे, हा वरवर तांत्रिक वाटणारा निर्णय वस्तुतः नैतिक असतो. कारण पुढे जमाखर्च मांडावयाचा की गाडी थांबवावयाची, हे त्या नावावरच ठरते. एअरबॅग व इग्निशन स्विच यांचा संबंध अभियंत्यांच्या वेळीच लक्षात आला नाही, हे खरे. परंतु आपल्या उत्पादनाचे ज्ञान एकत्र आणणे हेही निर्मात्याचेच कर्तव्य आहे.

समारोप :
सारांश, केवळ आचारसंहिता छापून उत्पादन सुरक्षित होत नाही. प्रत्येक तक्रारीचा निश्चित उत्तरदायी, बदलांची प्रामाणिक नोंद आणि शंका असता दोष सुरक्षिततेचाच मानण्याची शिस्त या तीन बाबी आवश्यक आहेत. वाणिज्य, व्यवस्थापन व अभियांत्रिकीच्या वर्गात हे प्रकरण शिकविताना ‘दोषी कोण?’ या प्रश्नाआधी ‘या दोषाला हे नाव कोणी व का दिले?’ हा प्रश्न विचारला जावा, असे वाटते.