म्हातारीचे नऊ ग्रंथ

प्राचीन रोमन लोकांच्या कथा म्हटल्या की लांडगीच्या दुधावर वाढलेले रोम्युलस आणि रेमस हे जुळे भाऊ आपल्याला आठवतात. शाळेच्या पुस्तकांतूनही बहुधा हीच कथा येते. परंतु रोमन लोक आणखी एक कथा मोठ्या आदराने सांगत असत. तीत युद्ध नाही की राक्षस नाही. एक राजा आहे, एक म्हातारी आहे आणि नऊ ग्रंथ आहेत. आज वाचकांना त्या कथेचा परिचय करून द्यावयाचा आहे.

रोमचा शेवटचा राजा टार्क्विनियस सुपर्बस. सुपर्बस म्हणजे गर्विष्ठ. एके दिवशी एक अनोळखी वृद्धा नऊ ग्रंथ घेऊन त्याच्यापुढे आली. "यांत देवांची वचने आहेत, विकत घ्या," असे तिने सांगितले. राजाने किंमत विचारली, तेव्हा तिने अवाच्या सवा रक्कम सांगितली. राजा हसला. वयोमानाने म्हातारीची बुद्धी चळली असावी असे त्याला वाटले. म्हातारीने त्याच्यासमोरच शेगडी पेटविली, तीन ग्रंथ जाळले आणि विचारले, "उरलेले सहा त्याच किमतीला घेता का?" राजा अधिकच हसला. तिने आणखी तीन ग्रंथ जाळले आणि शांतपणे तोच प्रश्न पुन्हा केला. आता मात्र राजाचे हसू मावळले. एवढ्या निश्चयाने बोलणारी बाई साधी नव्हे हे त्याने ओळखले आणि नऊ ग्रंथांची किंमत मोजून तीन ग्रंथ घेतले. म्हातारी निघून गेली, ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाही.

ही म्हातारी कोण? रोमन लोक तिला सिबिला म्हणत. सिबिला म्हणजे देवाची वाणी बोलणारी स्त्री. अशा अनेक सिबिला होत्या, पण इटलीत नेपल्सजवळच्या क्युमी गावची सिबिला सर्वांत प्रसिद्ध. कवी व्हर्जिलने लिहिले आहे की ती आपली भाकिते झाडांच्या पानांवर लिहून गुहेत ओळीने मांडून ठेवी. दार उघडताच वारा शिरे आणि पाने उडून जात. ती पुन्हा जुळविण्याची तसदी ती घेत नसे. ओव्हिड तिची आणखी करुण हकीकत सांगतो. अपोलो देव तिच्यावर प्रसन्न झाला, तेव्हा ओंजळीत जितके धुळीचे कण तितकी वर्षे आयुष्य तिने मागितले, पण तारुण्य मागावयास ती विसरली. हजार वर्षे ती झिजत जाणार, आणि अखेर तिचा फक्त आवाज उरणार, असे तिचे प्राक्तन होते.

म्हातारी आणि राजा यांची भेट ही दंतकथाच होय. रोमन लेखकांतही एकमत नाही. प्लिनी तर ग्रंथ तीनच होते आणि त्यांतले दोन जळाले असे सांगतो. परंतु सिबिलाचे ग्रंथ मात्र रोममध्ये खरोखरच होते. ज्युपिटरच्या मंदिराखाली दगडी पेटीत ते ठेवले होते. ग्रीक भाषेतील पद्यात ते रचलेले होते. लग्न केव्हा करावे, पीक कसे येईल, असले प्रश्न त्यांना कोणी विचारीत नसे. रोगाची साथ, भूकंप किंवा पराभव आला, तर सीनेटच्या हुकुमावरून ते उघडले जात आणि देवांचा कोप शांत करण्याचा उपाय त्यांत शोधला जाई.

उपाय कधी सौम्य असे, कधी भयंकर. इ. स. पू. 216 मध्ये कॅनीच्या रणांगणावर हॅनिबलने रोमन सैन्याचा धुव्वा उडविला, तेव्हा या ग्रंथांच्या आधारे एक गॉल जोडपे आणि एक ग्रीक जोडपे बाजारपेठेत जिवंत पुरण्यात आले. ही रीत रोमन नव्हे, असे इतिहासकार लिव्हीलाही लिहावेसे वाटले. पुढे इ. स. पू. 204 मध्ये ग्रंथांच्याच आज्ञेवरून आशिया मायनरमधून महामातेची काळी शिळा समारंभाने रोमला आणली गेली. ओव्हिड सांगतो की तिचे जहाज टायबर नदीत रुतले, आणि लोकांनी जिच्या शीलावर संशय घेतला होता त्या क्लॉडिया क्विंटाने देवीची प्रार्थना करून एकटीने दोर ओढताच ते हलले. ग्रंथ मात्र सर्वांना खुले नव्हते. राखणदारांपैकी एकाने त्यांची नक्कल करू दिली, म्हणून राजाने त्याला पोत्यात शिवून समुद्रात फेकविले, अशी हकीकत आहे.

आणि मग इ. स. पू. 83 मध्ये मंदिराला आग लागली. राजाने एवढी किंमत मोजून वाचविलेले ग्रंथ त्यात भस्म झाले. प्रत कोठेच नव्हती, कारण प्रत करणे हाच अपराध होता. त्यानंतर सीनेटने ग्रीक नगरांत दूत पाठवून सुमारे हजार ओळी गोळा केल्या. बैल गेला नि झोपा केला, असेच म्हणावे लागेल. हा नवा संग्रह ऑगस्टसने अपोलोच्या मंदिरात ठेवला. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी सेनापती स्टिलिकोने तोही जाळला, असा आरोप एका रोमन कवीने केला आहे.

ही कथा वर्गात सांगितली की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: ग्रंथ कमी झाले, मग किंमत कमी का झाली नाही? याचे उत्तर मी लगेच देत नाही. मुलांनाच विचार करू देतो. एक म्हणतो, दुसऱ्या दुकानात ते मिळत नव्हते म्हणून. दुसरी म्हणते, राजा हसला म्हणून त्याला दंड झाला. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की म्हातारीने किंमत वाढविली नाही आणि उतरविलीही नाही. हातचे गेल्याशिवाय राजाला तिची वस्तू मोलाची वाटली नाही, एवढेच.

पण वाचकहो, या हकीकतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पेटीत कुलूपबंद ठेवलेले, पहारे बसविलेले ग्रंथ नाहीसे झाले. उलट म्हातारीची गोष्ट कोणी लपविली नाही. ती जो तो सांगत राहिला, पुस्तकांतून तिच्या नकला होत राहिल्या, म्हणून इतक्या शतकांनंतरही ती आपल्यापर्यंत पोहोचली. ज्या विद्येची आपल्याला फार काळजी वाटते, ती कपाटात जपण्यापेक्षा चार मुलांना शिकविलेली बरी. त्यांतला एखादा तरी ती पुढे नेईल.