बाळंतीण एकटी नको

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथली कितीतरी कुटुंबं बाहेरगावाहून आलेली. माहेरहून बाळ घेऊन परतलेल्या आईला मग शेजारची, नुकतीच या दिवसांतून गेलेली आईच जवळची. रात्रीचं रडणं, दूध पुरतंय का ही धास्ती, सहा महिन्यांनंतरची पहिली पेज हे सगळं तिला ताजं आठवत असतं. (घुटी किंवा पाणी सुचवलं तर मात्र ऐकू नका; पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.)

आईनं आईला दिलेल्या आधाराचं सर्वांत सुंदर उदाहरण मुंबईत आहे. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये शीव रुग्णालयात आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. आयांनी दान केलेलं दूध पाश्चराइझ करून अपुऱ्या दिवसांच्या, नाजूक बाळांना दिलं जातं.

शेजारणीच्या जोडीला आरोग्यसेवेचाही आधार आहे: सरकारी योजनेत आशाताई (आशा स्वयंसेविका) बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत आणि नंतर ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्यांत घरी येतात.

बाळंतिणीची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवा किंवा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.