अस्थींची भाषा शिकताना

वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव आज यशवंतगड, गणपती मंदिर आणि लोहखनिजाचे बंदर यांमुळे ओळखले जाते. प्राचीन रेवतीद्वीप ते हेच, असे अनेक इतिहासकार मानतात. चालुक्य राजा मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचे ऐहोळेच्या मेगुती जिनालयातील इ. स. 634 च्या शिलालेखात नोंदले आहे. तो लेख रचणारा रविकीर्ती जैन कवी होता. राजाचा विजय त्याने अमर केला. परंतु तेथील सामान्य माणसे काय खात, कोणत्या व्याधींनी ग्रासली जात, हे त्या लेखात नाही. अशा प्रश्नांची उत्तरे मातीतील अवशेषांत शोधणारे शास्त्र म्हणजे जैव-पुरातत्त्व.

महाराष्ट्रात या अभ्यासाचे प्रमुख केंद्र पुण्याचे डेक्कन कॉलेज होय. घोड नदीकाठी इनामगाव येथे 1968 पासून तेथील संशोधकांनी दीर्घकाळ उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत घरांच्या जमिनीखाली दफने आढळली. अनेक बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेले होते. डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला. दातांवरील आडव्या रेषा बालपणातील आजार वा उपासमार दर्शवितात. कीड आहारातील पिष्टाची साक्ष देते.

रेडीत मात्र निराळी अडचण येते. कोकणातील जांभ्याची आम्लयुक्त माती आणि मुसळधार पाऊस अस्थी फार काळ टिकू देत नाहीत. येथे जळके धान्य, परागकण आणि वनस्पतींचे सूक्ष्म गारकण यांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणूनच पदव्युत्तर विद्यार्थ्याला शरीररचना, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र यांची एकत्र ओळख करून घ्यावी लागते.

आपल्या घरातील मुलाने वा मुलीने हा मार्ग निवडला, तर पालकांचा पहिला प्रश्न उपजीविकेचा असेल, आणि तो रास्तच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, वस्तुसंग्रहालये आणि विद्यापीठे येथे जागा थोड्या. अध्यापन-संशोधनासाठी बहुधा पीएच.डी.पर्यंतची वाटचाल करावी लागते. नवी पेढी जम बसविण्यास जितका धीर मागते, तितकाच येथेही हवा. त्या वर्षांच्या खर्चाचा हिशेब घरात आधीच मोकळेपणाने मांडावा.

दुसरा प्रश्न विवेकाचा आहे. समोरची अस्थी कोणाच्या तरी आप्ताची होती, याचे भान प्रयोगशाळेतही सुटता कामा नये. ज्यांची नोंद कोणत्याही चोपडीत नाही, त्यांचे आयुष्य जाणून घेण्याचा हा अभ्यास आदरानेच व्हायला हवा.