बालवाडीत जाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी

"एबीसीडी येते का?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळ, गोष्टी, गाणी आणि गप्पांवर उभा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ पासून हेच केलं. पानं, बिया, शिंपले ही त्यांची साधनं.

बालवाडीच्या पहिल्या वर्षात मूल आईबाबांना सोडून थोडा वेळ रमलं, शू-शी सांगू लागलं, आपल्या हाताने जेवलं, घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत थांबलं, की खूप झालं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हाताचं काम. कणकेचे गोळे करणं, मटार सोलणं, कागद फाडणं, मोठे मणी ओवणं (तुमच्या नजरेसमोरच). यातून बोटांना बळ येतं; पेन्सिल त्यानंतर.

घरात अहिराणी किंवा मालवणी बोलत असाल तर मुलाशी तीच भरभरून बोला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली तरी सांगा. ताटं मांडताना मोजायला लावा.

आणि बालवाडी निवडताना भिंतीवरचे तक्ते नका बघू, वर्गात मुलं किती बोलतात ते बघा.